मोडलेल्या आशेच्या वाटेवर

शास्त्रपाठ : लूककृत शुभवर्तमान, अध्याय २४, वचनें १३ ते ३५

ज्या दिवशीं प्रभु येशू कबरेंतून उठला, त्याच दिवशीं त्याचे दोन शिष्य यरुशलेम सोडून अम्माऊस नांवाच्या खेड्याकडे चालले होते. ही वाट सुमारें ११ किलोमीटरांची होती. आपल्या अक्राणी-अक्कलकुवा भागांतील मनुष्य डोंगर उतरून आठवड्याच्या बाजाराला जातो, त्याला एवढी वाट कांहीं नवी नाहीं. बाजारांत ज्याचा माल खपला नाहीं, तो संध्याकाळीं डोक्यावर तेंच ओझें घेऊन डोंगर चढूं लागतो तेव्हां त्याचें पाऊल कसें पडतें, हें आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक आहे. त्या दोघांचें पाऊल तसेंच पडत होतें. वाटेंत एक अनोळखी मनुष्य त्यांस येऊन मिळाला व तुम्ही काय बोलत आहां असें त्यानें विचारलें, तेव्हां ते उदास होऊन उभे राहिले. त्यांनीं त्याला जें सांगितलें त्याचा सारांश इतकाच कीं, त्या नासरेथकर येशूवर आमची फार मोठी आशा होती, परंतु तो वधस्तंभावर मेला, आणि आज तिसरा दिवस आहे.

आशा होती. आशा आहे, असें म्हणणारा मनुष्य वाट पाहत थांबतो. आशा होती, असें म्हणणारा मनुष्य गांठोडें उचलून घरीं परत जातो. आमच्या मंडळ्यांत असे परत निघालेले बंधु व भगिनी आहेत. कोणी बोलून दाखवितात; कोणी न बोलतां रविवारीं घरीं राहूं लागतात. यास्तव आज या वाटेचाच विचार करावा असें आम्हीं योजिलें आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं नवापूर तालुक्यांतील एका पाड्यावर आम्ही सांत्वनासाठीं गेलों होतों. तेथील एका विश्वासू बंधूची नऊ वर्षांची मुलगी नुकतीच वारली होती. तिला सिकलसेलचा आजार होता. हातापायांत कळा येत, ताप भरे, डोळे पिवळे पडत. मंडळीनें तिच्यासाठीं तीन रात्री जागून प्रार्थना केली होती. आम्ही ओट्यावर बसलों. बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग तो बंधु म्हणाला, "भाऊ, एक विचारतों, रागावूं नका. आमच्या बापजाद्यांच्या वेळेस घरांत दुखणें आलें म्हणजे भगताला बोलावीत. कोंबडें देत, बकरें देत. तरी मूल गेलें, तर भगत सांगे, तुमचें कांहींतरी कमी पडलें. आतां आम्हीं कोंबडें दिलें नाहीं, प्रार्थना केली. पोर गेलीच. मग आतां काय कमी पडलें, तेवढें सांगा."

आम्हीं घाईनें उत्तर दिलें. देवाची इच्छा, असें म्हणालों. आमच्याबरोबरच्या एकानें तर आणखी पुढें जाऊन, घरांतील कोणाचा विश्वास कमी पडला असेल, असेंही सुचविलें, आणि आम्हीं त्याला अडविलें नाहीं. तो बंधु कांहीं बोलला नाहीं. उठला, गोठ्यांतून बैल सोडले आणि त्यांस पाण्यावर घेऊन गेला. त्यानंतर चार महिने तो मंडळींत दिसला नाहीं.

प्रिय वाचकहो, त्या दिवशीं चूक त्याची नव्हती, आमची होती. तुमचें कांहींतरी कमी पडलें, हें भगताचें उत्तर होतें, आणि आम्हीं तेंच उत्तर ख्रिस्ताच्या नांवानें दिलें. त्या पित्याचा प्रश्न आम्हांस पुष्कळ दिवस टोंचीत राहिला. तो घेऊन आम्ही शास्त्राकडे गेलों, आणि तेथें जें सांपडलें तें आज आपणांपुढें ठेवीत आहों.

प्रथम गेथशेमाने बागेंत जाऊं. तेथें प्रभूनें आपल्या पित्याजवळ तीन वेळां विनंती केली कीं, हा प्याला टळतां येत असेल तर टळावा. प्याला टळला नाहीं. आतां देवाच्या पुत्राचा विश्वास कमी पडला, असें म्हणण्याचें धाडस कोणी करील काय? मग प्रेषित पौलाकडे जाऊं. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या १२ व्या अध्यायांत तो आपल्या शरीरांतील एका कांट्याविषयीं सांगतो. तो निघून जावा म्हणून त्यानेंही तीन वेळां मागणें केलें. कांटा निघाला नाहीं. त्याऐवजीं, माझी कृपा तुला पुरे आहे, अशा अर्थाचें उत्तर मिळालें. पाड्यावरच्या त्या मंडळीनेंही तीन रात्री मागणें केलें होतें. म्हणजे ती मंडळी देवानें टाकलेल्यांच्या रांगेंत नव्हती. खुद्द प्रभूच्या व त्याच्या प्रेषिताच्या रांगेंत उभी होती. हें आम्हीं त्या पित्याला सांगावयास पाहिजे होतें. कांहीं कमी पडलें नव्हतें.

मग अशा वेळीं मन इतकें कां खचतें? याचें एक कारण असें दिसतें कीं, आपण प्रभूकडे आलों तरी नवसाचा हिशेब आपल्याबरोबर आला. नवसाचा व्यवहार आपणां सर्वांस माहीत आहे. मी इतकें देईन, तूं मला इतकें दे. पीक पिकलें, मूल बरें झालें, म्हणजे देव चांगला. न झालें तर देणें कमी पडलें, किंवा देव रुसला. बाप्तिस्मा घेतांना आपण कोंबडें सोडलें, परंतु तराजू घरांतच राहिला. आतां त्याच्या पारड्यांत आपण उपास, रात्रजागर आणि दशांश घालितों, आणि दुसऱ्या पारड्यांत देव काय घालितो तें पाहत बसतों. पारडें रिकामें राहिलें कीं, आशा होती, असें म्हणून घराची वाट धरितों.

आमच्यांतील पुष्कळजण दुखण्यांतून उठल्यावर प्रभूकडे आले, हें खरें आहे, आणि त्याबद्दल आम्ही देवाची स्तुति करितों. प्रभूनें स्वतः आजाऱ्यांस बरें केलें, भुकेल्यांस जेवूं घातलें. परंतु योहानाच्या शुभवर्तमानाचा ६ वा अध्याय वाचून पाहा. पांच हजारांस भाकर मिळाली, आणि दुसऱ्या दिवशीं तेच लोक पुन्हां भाकरीसाठीं त्याला शोधीत आले. तेव्हां त्यानें त्यांस भाकर दिली नाहीं. मीच जीवनाची भाकर आहें, असें सांगितलें. हें बोलणें त्यांस कठीण वाटलें आणि पुष्कळजण परत गेले. मग प्रभूनें बारा जणांस विचारलें कीं, तुम्हांलाही जावयाचें आहे काय? पेत्रानें जें उत्तर दिलें तें भाकरीचें नव्हतें. दुसऱ्या कोणाकडे जावें, असा उलट प्रश्न त्यानें केला. त्या दिवशीं जेवण मिळालें नाहीं, परंतु येशू कोण आहे हें पेत्राला अधिक कळलें. विश्वासाची वाढ म्हणतात ती हीच होय. प्रथम आपल्याला देवाच्या हातांतील वस्तु हवी असते; पुढें स्वतः देव हवा असतो; आणि या दोहोंच्या मधली वाट बहुधा निराशेंतून जाते.

ही गोष्ट आपल्या महाराष्ट्रांत पंडिता रमाबाईंच्या आयुष्यांत जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच दुसरीकडे दिसेल. रमाबाईंचा जन्म १८५८ सालीं झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान पुराणिक होते, आणि सारें कुटुंब तीर्थयात्रा करीत फिरे. मद्रास इलाख्यांत दुष्काळ पडला, तेव्हां या कुटुंबानें जवळ होतें तें व्रतांत, दानधर्मांत व अनुष्ठानांत घातलें. शास्त्रांत सांगितलेलें कांहीं करावयाचें त्यांनीं ठेविलें नाहीं. तरी वडील, आई आणि थोरली बहीण थोड्याच महिन्यांच्या अंतरानें गेलीं. रमाबाई आणि त्यांचा भाऊ श्रीनिवास अनवाणी, उपाशी, देशभर भटकत कलकत्त्यास पोहोंचलीं. १८८० सालीं भाऊ गेला. त्याच सालीं त्यांचा विवाह झाला, आणि १८८२ सालीं पतीही पटकीनें गेले. तेवीस वर्षांच्या वयांत कडेवर एक लहान मुलगी, आणि दुसरें कोणी नाहीं, अशी त्यांची स्थिति झाली.

१८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. आपण म्हणूं, आतां निराशा संपली. परंतु तसें झालें नाहीं. १९०७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षींत त्यांनीं मोकळेपणीं सांगितलें आहे कीं, बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षें आपणांस ख्रिस्ती धर्म सांपडला होता, पण प्रत्यक्ष ख्रिस्त सांपडला नव्हता. मन अस्वस्थ राहिलें, आणि त्या अस्वस्थतेंतच त्या शोधीत राहिल्या, तेव्हां पुढें त्यांस शांति मिळाली. ज्या बंधूंस व भगिनींस बाप्तिस्मा घेऊन वर्षें लोटलीं तरी मन कोरडें वाटतें, त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. अस्वस्थ वाटणें म्हणजे विश्वास मेल्याचें चिन्ह नव्हे. पुष्कळदां तो विश्वासाला भूक लागल्याचा पुरावा असतो.

पुढें १८९३ सालीं रमाबाईंच्या शारदा सदनावर टीकेचें वादळ उठलें आणि पालकांनीं पुष्कळ मुली काढून नेल्या. वर्षानुवर्षें केलेलें काम डोळ्यांपुढें रिकामें झालें. नंतर १८९६-९७ चा दुष्काळ आला, तेव्हां त्या मध्य प्रांतांत गेल्या आणि उपासमारीनें मरूं घातलेल्या शेंकडों मुली केडगांवास घेऊन आल्या. १९०० सालच्या दुष्काळांत, ज्याला आपल्या शेजारच्या गुजरातेंत अजून छप्पनिया म्हणतात आणि ज्यानें आपल्या खानदेशालाही होरपळलें, त्यांनीं गुजरातेंतील मुलींस आश्रय दिला. भुकेनें मूल कसें दिसतें, हें त्यांस पुस्तकावरून शिकावें लागलें नाहीं. देवानें आईबाप कां नेले याचें उत्तर रमाबाईंस मिळालें असें आम्ही म्हणत नाहीं. उत्तर मिळालें नसेल. परंतु ती जखम देवाच्या हातीं दिल्यावर तिच्यांतून शेंकडों मुलींचें घर उभें राहिलें. शेवटीं १९२१ सालीं त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा, जी हें काम पुढें चालविणार होती, तीही गेली. तरी वृद्ध रमाबाईंनीं हातांतील बायबलाचें मराठी भाषांतर टाकलें नाहीं. तें त्यांनीं पूर्ण केलें, आणि १९२२ च्या एप्रिलांत त्या प्रभूकडे गेल्या. दुष्काळांत नवसाचा हिशेब मोडला तेव्हां त्यांच्यापाशीं कोणताच देव उरला नव्हता. मुलगी गेली तेव्हां प्रभु उरला होता. हा फरक लक्षांत घ्यावा.

आतां पुन्हां अम्माऊसच्या वाटेवर येऊं, आणि प्रभूनें त्या निराश शिष्यांशीं कसें वर्तन केलें तें पाहूं. कारण आम्ही ओट्यावर बसून जें केलें त्याच्या अगदीं उलट त्यानें केलें.

प्रथम, तो त्यांच्याबरोबर चालला. ते चुकीच्या दिशेनें चालले होते. यरुशलेमेंत आनंदाची वार्ता पसरत होती, आणि हे पाठ फिरवून निघाले होते. तरी प्रभूनें त्यांस हांक मारून मागें बोलाविलें नाहीं. त्यांच्या चुकीच्या वाटेवर तो स्वतः उतरला. त्यांनीं त्याला ओळखलें नाहीं, पण न ओळखल्यानें तो दूर झाला नाहीं. आपणांस देव जवळ वाटत नाहीं, एवढ्यावरून देव जवळ नाहीं असें ठरत नाहीं.

दुसरें, त्यानें त्यांस बोलूं दिलें. सर्व जाणणाऱ्या प्रभूनें, काय झालें, असें विचारलें, आणि त्यांचें सारें गाऱ्हाणें शेवटपर्यंत ऐकून घेतलें. आपल्यांत असा समज आहे कीं, ख्रिस्ती मनुष्यानें देवापुढें तक्रार करूं नये. परंतु स्तोत्रसंहिता उघडून पाहा. तिच्यांत किती स्तोत्रें रडगाण्यांचीं आहेत! ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. यिर्मया देवाला तोंडावर विचारतो कीं, तूं मला फसविलेंस काय? हीं वचनें देवानें शास्त्रांतून काढून टाकलीं नाहींत. जें मूल बापावर रागावून बापाच्याच अंगणांत उभें राहून रडतें, तें घर सोडून गेलेलें नसतें.

तिसरें, ऐकून घेतल्यावर त्यानें त्यांस शास्त्र उलगडून सांगितलें, कीं ख्रिस्तानें दुःख सोसूनच आपल्या गौरवांत जाणें अवश्य होतें. त्यांची आशा खोटी नव्हती. ती लहान होती. त्यांना रोमी सरकारापासून सोडविणारा राजा पाहिजे होता. देव त्यांस पाप व मरण यांपासून सोडविणारा राजा देत होता. मोठी आशा आंत येण्यासाठीं लहान आशेचें दार मोडावें लागलें, आणि दार मोडतांना आवाज झाला, धूळ उडाली, आणि त्यांस वाटलें कीं घरच पडलें.

चौथें, त्यानें त्यांच्या घरीं बसून भाकर मोडली, आणि तेव्हां त्यांचे डोळे उघडले. मग काय झालें? रात्र पडत आली होती, पाय थकले होते, तरी ते त्याच घटकेस उठून तीच ११ किलोमीटरांची वाट उलट चालून यरुशलेमेस गेले. वाट तीच, पाय तेच. परंतु पाऊल आतां निराळें पडत होतें.

आपल्या शेतांतील एक गोष्ट पाहा. नंदुरबारची मिरची चोहोंकडे प्रसिद्ध आहे. मिरचीचें बीं आपण प्रथम वाफ्यांत टाकतों. तेथें रोपें दाट, हिरवीं, एकमेकांच्या आधारानें उभीं असतात. पावसाच्या सुमारास तीं उपटून शेतांत लावतों. उपटतांना कांहीं मुळें तुटतात. शेतांत लावल्यावर पहिले कांहीं दिवस रोप मान टाकतें. नवखा मनुष्य पाहील तर म्हणेल, हें मेलें. परंतु शेतकरी घाबरत नाहीं. त्याला माहीत असतें कीं, वाफ्यांतच ठेविलें तर तें रोप हिरवें दिसेल, पण त्याला मिरची लागणार नाहीं. मान टाकलेलें रोप खालीं नवीं मुळें सोडीत असतें. आपल्या विश्वासाचे पहिले दिवस वाफ्यांतले असतात. गाणीं, सोबत, उत्तर मिळालेल्या प्रार्थना. मग देव आपणांस उपटून शेतांत लावतो.

या दृष्टांतांत आणखी एक गोष्ट आहे, ती मंडळीनें विसरूं नये. शहाणा शेतकरी रोपें संध्याकाळीं लावतो आणि लगेच पाणी देतो. भर दुपारीं कोरड्या मातींत लावून, देवाची इच्छा असेल तर जगेल, असें तो म्हणत नाहीं. मान टाकलेल्या बंधूच्या मुळाशीं पाणी घालणें हें मंडळीचें काम आहे. त्याच्या घरीं जाऊन बसणें, त्याच्या शेताचें एक दिवसाचें काम उरकून देणें, त्याच्या मुलांस जेवूं घालणें, आणि ज्याचें उत्तर आपणांस ठाऊक नाहीं त्याचें उत्तर न देणें, हें तें पाणी होय.

येथें आम्हांस दोन सूचना द्यावयाच्या आहेत, कारण हा उपदेश अर्धवट ऐकल्यास घातक होऊं शकतो.

पहिली सूचना अशी कीं, दुःखांतून देव वाढ देतो, म्हणून जें दुःख टाळतां येतें तें टाळूं नये, असें कोणी समजूं नये. सिकलसेल हा शाप नव्हे, चेटूक नव्हे, आणि विश्वासाच्या उणेपणाची शिक्षाही नव्हे. तो रक्ताचा आजार असून आईबापांकडून मुलांत उतरतो. आई व बाप दोघेही वाहक असले, तर त्यांस तो त्रास जाणवत नाहीं, परंतु प्रत्येक गरोदरपणीं मुलाला हा आजार होण्याचा संभव चारांत एक असतो. आपल्या आदिवासी समाजांत तो पुष्कळ आढळतो. तो रक्ताच्या तपासणीनें कळतो. २०२३ सालीं त्याच्या निर्मूलनासाठीं राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली. यास्तव लग्नापूर्वीं तरुण-तरुणींनीं तपासणी करून घ्यावी. ज्यास आजार असेल त्यानें डॉक्टरांच्या सल्ल्यानें गोळ्या नेमानें घ्याव्या, पाणी पुष्कळ प्यावें, आणि ताप किंवा कळ येतांच दवाखाना गांठावा. प्रार्थना करावयाची आहे म्हणून औषध बंद करा, असें जो सांगतो तो देवाच्या वतीनें बोलत नाहीं. चिंचपाड्याचा ख्रिस्ती दवाखाना १९४२ सालीं सुरू झाला, तो प्रार्थना कमी पडली म्हणून नव्हे. प्रार्थना करणाऱ्यांनींच तो उभारिला. लूक, ज्यानें ही अम्माऊसची कथा लिहिली, तो स्वतः वैद्य होता.

दुसरी सूचना अशी कीं, माणसांनीं केलेल्या अन्यायाला देवानें दिलेला वधस्तंभ म्हणूं नये. दिवाळीनंतर आपलीं किती कुटुंबें ऊसतोडीसाठीं गुजरातेंत जातात, पालांत राहतात, आणि उचल फिटत नाहीं म्हणून पुढच्या वर्षीं पुन्हां जातात! अशा मजुराचा हिशेब कोणी खोटा लिहिला, तर त्याला सहनशीलतेचें प्रवचन ऐकविणें हें मंडळीचें काम नव्हे. हिशेब वाचून दाखविणें हें तिचें काम आहे. मोशेच्या वेळीं देवानें मजुरांचें ओरडणें ऐकलें, तेव्हां सोसा असें सांगितलें नाहीं, त्यांस बाहेर काढिलें.

आतां उपदेशक बंधूंस आणि शास्त्र शिकविणाऱ्या भगिनींस दोन शब्द. तुमची निराशा निराळी असते. ऊसतोडीच्या दिवसांत उपासनेला चार म्हातारीं माणसें आणि दोन लेंकरें येतात. ज्याला तुम्हीं पांच वर्षें शिकविलें तो पुन्हां दारूकडे जातो. तुम्हांस वाटतें, आपलें आयुष्य फुकट गेलें. अशा वेळीं गॉर्डन हॉल यांचें स्मरण करावें. १८१२ सालीं ते कलकत्त्यास उतरले, तेव्हां त्यांस परत जाण्याचा हुकूम झाला. १८१३ च्या फेब्रुवारींत ते मुंबईस आले. तेरा वर्षें त्यांनीं मराठींत उपदेश केला, शाळा चालविल्या, शास्त्राचें भाषांतर केलें. परंतु ज्यांनीं प्रभूचा स्वीकार केला ते बोटांवर मोजण्याइतकेही झाले नाहींत. १८२६ च्या मार्चांत ते नाशिककडे फेरीवर गेले, तेव्हां तेथें पटकीची सांथ होती. रोग्यांस औषध देत, उपदेश करीत ते परत निघाले, आणि दोडी-दापूर येथें २० मार्च रोजीं त्याच रोगानें वारले. वय अवघें ४१. त्या रात्रीं कोणी विचारलें असतें कीं तेरा वर्षांचें पीक कोठें आहे, तर दाखविण्यासारखें फारसें कांहीं नव्हतें. परंतु त्याच १८२६ सालीं मराठी नवा करार छापून पुरा झाला, आणि त्या कामांत हॉल यांचा हात होता. आपल्या चार म्हाताऱ्यांपुढें तुम्ही जें पुस्तक उघडतां, त्याच्या मुळाशीं अशा माणसांचे श्रम आहेत ज्यांस पीक पाहावयास मिळालें नाहीं.

शेवटीं त्या पाड्यावरच्या बंधूविषयीं सांगून आम्ही आटोपतों. चार महिन्यांनीं आम्ही पुन्हां त्याच्याकडे गेलों. या वेळीं उपदेश करावयास गेलों नाहीं. क्षमा मागावयास गेलों. तुझें कांहीं कमी पडलें नव्हतें, असें त्याला सांगितलें. तो बराच वेळ गप्प राहिला. मग मुलीविषयीं बोलूं लागला. तिला पहांटे मोहाचीं फुलें वेंचावयास फार आवडे. टोपलीपेक्षां ओच्यांतच ती अधिक भरी. तो बोलत राहिला, आम्ही ऐकत राहिलों. अंधार पडला, तिच्या आईनें भाकरी आणि मिरचीचा ठेचा आणून ठेविला, आणि आम्ही सर्व एकत्र जेवलों. त्या दिवशीं आम्हीं शास्त्रांतलें एकही वचन वाचलें नाहीं.

कांहीं आठवड्यांनीं तो उपासनेला आला व शेवटच्या रांगेंत बसला. सार्वजनिक प्रार्थनेच्या वेळीं तो उभा राहिला आणि म्हणाला, "देवा, मी अजून रागावलेलाच आहें. पण तुझ्यापाशीं नाहीं तर कोणापाशीं रागावूं?" आणि खालीं बसला. आम्हीं त्या मंडळींत पुष्कळ लांब प्रार्थना ऐकल्या आहेत, परंतु तराजू बाजूला ठेवून केलेली प्रार्थना आम्हीं त्या दिवशीं ऐकिली. त्याचें दुःख संपलेलें नाहीं. अजूनही मोहाच्या दिवसांत तो कमी बोलतो. परंतु पाड्यावर कोणाच्या मुलाला ताप भरला, डोळे पिवळे दिसले, तर त्या मुलाला उचलून तपासणीसाठीं घेऊन जाणारा पहिला मनुष्य आज तोच असतो.

प्रिय बंधुभगिनींनो, आपणांपैकीं कोणी आज त्या परतीच्या वाटेवर असेल, तर त्यानें लाजूं नये आणि आपलें दुःख लपवूं नये. शेजारीं कोणी चालत आहे काय, तें पाहावें. त्याला सारें सांगावें. आणि दिवस मावळूं लागला म्हणजे त्या दोघांप्रमाणें त्याला आपल्या घरांत राहण्याचा आग्रह करावा. आणि ज्यांचे पाय आज स्थिर आहेत त्यांनीं या आठवड्यांत अशा एका घरीं जावें, फार बोलूं नये, आणि तेथेंच जेवावें.

प्रार्थना : हे प्रभु येशू, तूं निराश शिष्यांच्या वाटेवर उतरलास. आमच्या पाड्यापाड्यांवर ज्यांच्या आशा मोडल्या आहेत त्यांच्याबरोबर तूं चाल. आम्हीं घाईनें दिलेल्या उत्तरांची आम्हांस क्षमा कर. आमच्या हातांतील तराजू काढून घे, आणि तुझ्या हातांत काय आहे हें पाहण्याऐवजीं तुझें मुख पाहावयास आम्हांस शिकीव. आमेन.